बाबांच्या फोटोतली लॉरी: इंग्लंड ते दोहा, १९७६ – शोधाच्या नोंदी

आमच्या चिपळूणच्या घरी पुरातून वाचलेल्या एका फोटोवरून ब्रिटिश लॉरीचा माग काढायचं काम गेले दहा महिने चाललं आहे. मी लँकेशायरमध्ये राहतो, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे करतो. ज्यांच्या घरी आखातातले असे जुने फोटो पडून असतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखेवार लिहून ठेवतोय. कुठे चुकलं, किती दिवस आणि किती पैसे गेले, तेही यात आहे. लॉरीचा पूर्ण नंबर आणि मालकाचं नाव दिलेलं नाही. त्यांच्या घरच्यांना तसा शब्द दिलाय.

१६ नोव्हेंबर २०२३, चिपळूण

भाऊबीज आटोपली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही ट्रंक दीड दिवस वाशिष्ठीच्या पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आईने ती उन्हात ठेवली आणि तशीच माळ्यावर टाकली. उघडायचा धीर कुणालाच झाला नाही.

आत बाबांचा दोह्याचा अल्बम. बाबा १९७५ ते १९८२ दोह्यात एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. अल्बमची पानं गाळाने एकमेकांना चिकटलेली. घाईघाईत एक फोटो कोरडाच ओढला आणि चुकलो. वरचा रंगाचा पापुद्रा समोरच्या पानाला चिकटून निघाला. फोटोत बाबा एका मोठ्या लॉरीसमोर उभे आहेत आणि फाटलं ते नेमकं नंबरप्लेटच्या जागी.

बाबा शेजारीच बसले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, ही गाडी लंडनहून आली होती. बोटीने नाही, रस्त्याने. लेलँड होती. आपल्या कुंभार्ली घाटात गाडी चढताना जसा आवाज येतो ना, तसाच."

'लेलँड' या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या ट्रकला लेलँडच म्हणतात, तसंच असेल असं वाटलं. याची किंमत पुढे मोजावी लागली.

१७ नोव्हेंबर

उरलेली पानं शहाणपणाने सोडवली. पसरट परातीत गार स्वच्छ पाणी, त्यात पान फोटोसकट बुडवून वीस-पंचवीस मिनिटं. फोटो आपणहून सुटायला लागतो. नख लावायचं नाही, कडेने पाणी सोडत राहायचं. फोटोच्या तोंडाला बोट लावायचं नाही, ओला थर साईसारखा निघतो. सुकवायला आईने जुनी सुती साडी पुढे केली, पण सुताचे तंतू चिकटतात. म्हणून मच्छरदाणी खुर्च्यांवर ताणून तिच्यावर फोटो पालथे न घालता उताणे ठेवले. एकतीसपैकी सव्वीस वाचले. कोमट पाणी घेऊ नका. पहिला फोटो मी कोमटात घातला आणि त्याचं आकाश परातीत उतरलं.

१९ नोव्हेंबर

ट्रंकेच्या तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत दोह्याच्या स्टुडिओचं पाकीट आणि त्यात निगेटिव्हच्या सहा पट्ट्या! बाबांना त्या असल्याचंही आठवत नव्हतं. एका पट्टीवर लॉरीचे तीन फोटो आहेत. अल्बममध्ये त्यांपैकी एकच लागला होता.

हे आधी सुचायला हवं होतं. जुन्या घरातून लोक फोटो जपतात आणि निगेटिव्ह कचऱ्यात टाकतात. शोध घ्यायचा तर आधी पाकिटं उचकटा.

९ डिसेंबर, लँकेशायर

वापरलेला स्कॅनर ८५ पौंडांना घेतला. निगेटिव्ह डिस्टिल्ड पाण्यात धुऊन चिमट्याला टांगून सुकवल्या. रंग उडालेत, सगळ्यावर लालसर झाक आहे, पण बारकावा शाबूत आहे. तीन चौकटींतून आत्तापर्यंत इतकं दिसलं:

लॉरीला पुढे नाक नाही, केबिन इंजिनावर आहे. मागे ताडपत्रीचा लांब ट्रेलर. ताडपत्रीच्या कड्यांतून दोरी ओवलेली, कस्टमचं सील लावतात तशी. कपाळावर लाकडी पाटी, तिच्यावरची अक्षरं अर्धवट: शेवटी 'अँड सन' आणि खाली गावाचं नाव, त्यातलं फक्त '…स्टोन' वाचता येतं. काचेखाली टीआयआरची निळी पाटी (टीआयआर म्हणजे सीलबंद माल देशोदेशींच्या सीमा ओलांडून नेण्याची कस्टमची आंतरराष्ट्रीय व्यवस्था). या निळ्या पाटीचा डावा वरचा कोपरा पुढे मुरडलेला आणि उजव्या खालच्या बोल्टाच्या जागी तार पिळून बसवलेली.

नंबरप्लेटचं पहिलं अक्षर बाबांच्या खांद्याआड गेलं आहे. दुसरं अक्षर 'के', तिसरं 'एम' किंवा 'एन', मग तीन आकडे, मग शेवटचं अक्षर.

६ जानेवारी २०२४

जुन्या लॉरींच्या तिघा शौकिनांना स्कॅन दाखवले. इकडे हा शौक असलेले पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे इंग्लंडमधली माहिती ढीगभर असते. सगळ्यांचं मत पडलं 'एईसी मँडेटर', म्हणजे एईसी या ब्रिटिश कंपनीची मँडेटर लॉरी. मी ते धरून चाललो आणि एईसीच्या याद्या चाळण्यात दोन आठवडे घालवले.

चूक का झाली ते सांगतो. लेलँडने १९६२ मध्ये एईसी आपल्यात घेतली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून लेलँड, एईसी आणि अल्बियन या तिन्ही नावांच्या लॉरींना एकच पुढे कलणारी केबिन बसवली, तिला एर्गोमॅटिक म्हणत. समोरून पाहिलं तर भावंडं. जाळीवरचा बिल्ला दिसला तरच फरक कळतो आणि आमच्या फोटोत तिथे वाळूचा थर आहे.

२० जानेवारी

प्रेस्टनजवळ एक निवृत्त ड्रायव्हर राहतात, वय ७९. ते १९७४ ते १९७९ मिडल ईस्टला लॉरी घेऊन जात. मी त्यांना काका म्हणतो, आता त्यांनाही ते आवडतं. स्कॅन स्क्रीनवर उघडला तेव्हा त्यांनी जाळीकडे पाहिलंच नाही. चाकाच्या वरची जागा बघितली आणि पायऱ्या मोजल्या. "ही केबिन उचललेली आहे. मॅरेथॉन आहे ही. लेलँड मॅरेथॉन."

म्हणजे बाबा पहिल्याच दिवशी बरोबर होते.

मॅरेथॉन १९७३ मध्ये आली. युरोपातल्या लांब पल्ल्यासाठी व्होल्वो आणि स्कॅनिया ब्रिटिश गिऱ्हाइकं पळवत होत्या, त्यांना उत्तर म्हणून. नवी केबिन काढायला पैसे नव्हते, म्हणून तीच एर्गोमॅटिक वर उचलली आणि खाली मोठ्या रेडिएटरला जागा केली. इंजिन टीएल-१२, साडेबारा लिटरचं, टर्बो लावलेलं, मुळात एईसीचंच. गाड्या बनत लंडनजवळ साउथॉलला, एईसीच्या कारखान्यात. तो १९७९ मध्ये बंद पडला, मग काम वॉटफर्डला स्कॅमेल या लॉरी कंपनीकडे गेलं.

मला नुसत्या नजरेवर विसंबायचं नव्हतं. बाबांच्या उंचीवरून (५ फूट ५ इंच) केबिनची उंची काढली, ती काहीच्या काही कमी आली. काकांनी कारण दाखवलं. बाबा गाडीच्या एक पाऊल पुढे उभे आहेत, म्हणून ते मोठे दिसतात आणि गाडी लहान. माप घ्यायचं ते गाडीवरच्याच वस्तूचं. टीआयआरची पाटी ठरलेल्या मापाची असते, ४० सेंटीमीटर रुंद आणि २५ उंच. स्क्रीनवर पाटी मोजा आणि तीच पट्टी धरून बाकीचं मोजा.

हे फार कामाचं निघालं. टीआयआर पाटी दिसत असेल तर फोटोतल्या कुठल्याही लॉरीचं माप निघतं.

३ फेब्रुवारी

एका मालकाने जपलेली मॅरेथॉन पाहायला मिळाली. टेप घेऊनच गेलो. जमिनीपासून काचेच्या खालच्या रबरापर्यंतचं माप आणि आमच्या फोटोतलं माप यांत चार सेंटीमीटरचा फरक. टायरमधली हवा आणि माझा अंदाज धरला तर एवढा चालेल. पायऱ्याही जुळल्या. गाडी मॅरेथॉन, हे पक्कं.

संध्याकाळी चिपळूणला फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?"

११ फेब्रुवारी

शेवटचं अक्षर. इकडच्या त्या काळच्या नंबरात शेवटच्या अक्षरावरून साल कळतं. ऑगस्ट ते जुलै असं वर्ष धरतात: 'एन' म्हणजे १९७४-७५, 'पी' १९७५-७६, 'आर' १९७६-७७. मी 'आर' वाचलं होतं. 'पी' आणि 'आर' यांत एका तिरक्या पायाचाच फरक आणि त्या जागी डांबराचा ओघळ. १९७६-७७ धरून मी तीन आठवडे जुन्या मासिकांचे गठ्ठे चाळले.

उलगडा झाला तो घरातूनच. आईने मोठा केलेला फोटो पाहिला आणि विचारलं, "हातात ते घड्याळ आहे ना, पिवळ्या पट्ट्याचं? ते तर ह्यांनी माझ्या भावाला लग्नात दिलं." मामाचं लग्न मे १९७६ मधलं, पत्रिका घरात आहे. बाबा सुट्टीवर आले ते त्या लग्नासाठीच आणि घड्याळ तिथेच गेलं. 'आर' नंबर १ ऑगस्ट १९७६ पासून सुरू झाले. घड्याळ हातात आहे तर गाडी 'आर' असूच शकत नाही. 'पी'च.

२ मार्च

नंबराच्या सुरुवातीच्या तीन अक्षरांतली दुसरं आणि तिसरं ही दोन जिल्हा सांगतात. 'केएम' आणि 'केएन' दोन्ही केंटचे, त्यामुळे तिथला संशय सोडवायची गरज उरली नाही. केंट म्हणजे डोव्हर बंदराचा मुलूख. तिथूनच या लॉरी फेरीने खाडी ओलांडत.

उत्साहात केंटमधल्या एका दफ्तरखान्याकडे जुन्या नोंदवहीतून मालकाचं नाव शोधून मागितलं आणि ४० पौंड भरले. उत्तर आलं: या काळाची वही नाही. दोष माझाच. १ ऑक्टोबर १९७४ पासून जिल्ह्यांनी वाहनांची नोंदणी करणंच थांबवलं, काम स्वानसीच्या केंद्रीय कार्यालयाकडे गेलं. म्हणून 'एल', 'एम' अक्षरांच्या गाड्यांसाठी जिल्ह्याच्या वह्या शोधा, वाचल्या असतील तर मिळतील. 'पी' आणि पुढच्यांसाठी त्या वाटेला जाऊ नका. 'एन' मधोमध आहे.

स्वानसीकडून मालकाचं नाव हवं तर सबळ कारण द्यावं लागतं. छंदापायी दुसऱ्याचं नाव मागणं मला बरं वाटलं नाही. ती वाट सोडली.

२६ मार्च

लेलँड गावातलं ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम माझ्यापासून जवळ आहे. जुन्या कारखान्याच्याच जागेत आहे ते. तिथे एक दिवस काढला. मॅरेथॉनची माहितीपत्रकं नीट पाहिली. एक गोष्ट तिथे उमगली: कारखान्याला गाडी चेसिस क्रमांकाने ठाऊक, रस्त्याला नंबरप्लेटने. दोन्हींना जोडणारा कागद असतो मालकाकडे. आपल्याजवळ फक्त नंबर असेल तर कारखान्याच्या दारी उभं राहून उपयोग नाही, मालकाचं घरच शोधायला हवं.

६ एप्रिल

काकांकडे पुन्हा. आज लॉरीचं राहू दिलं आणि रस्त्याचं विचारलं. दीड तास बोलले, मी लिहीत गेलो.

डोव्हरहून झीब्रुग, बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया. मग युगोस्लाव्हिया. झाग्रेब ते बेलग्रेड रस्ता दोन पदरी, सरळसोट, झोप आणणारा. काका म्हणतात, जिवाची भीती वाळवंटात वाटली नाही तेवढी या रस्त्यावर वाटायची. बेलग्रेडला हॉटेल नॅशनल हा सगळ्यांचा थांबा. पुढे बल्गेरिया, मग कापिकुले नाक्यावरून तुर्कस्तान. इस्तंबूलला लोंद्रा कॅम्पिंग, तिथे आंघोळ, जेवण आणि समोरून परतणाऱ्यांकडून पुढच्या रस्त्याची खबर. १९७३ च्या ऑक्टोबरात बॉस्फरसवर पूल झाला, तोपर्यंत लॉरी फेरीबोटीने आशियात उतरत.

इराणला जाणारे तिथून पूर्वेला वळत, ताहिर खिंडीच्या बर्फातून बाजरगानला. दोह्याची गाडी दक्षिणेला: अडाणा, बाब अल-हवा, सीरिया, दमास्कस, रमथा, जॉर्डन. सौदीत शिरलं की तेलाच्या नळाच्या कडेने जाणारा रस्ता. ट्रान्स-अरेबियन पाइपलाइन १९५० मध्ये पुरी झाली, तिच्या शेजारून हा काढला. तुरैफ, बदना, रफहा, कैसूमा ही पंपिंग स्टेशनं. बाराशे किलोमीटर नळ सोबतीला. पुढे दमाम, हुफूफ, सलवा आणि कतार. एकूण साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. सगळं सुरळीत तर तीन आठवड्यांच्या आत, पण सुरळीत कधी जायचंच नाही.

एवढा आटापिटा करून रस्त्याने का पाठवायचे? १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखातात बांधकामांचा पूर आला आणि बंदरं तुंबली. जहाजं आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभी. सुवेझ कालवा १९६७ पासून जून १९७५ पर्यंत बंदच होता. एखाद्या पंपाच्या भागासाठी सगळं काम थांबलेलं असताना ट्रकचं भाडं परवडायचं.

बाबांचं बोलणं याच्याशी तंतोतंत जुळतं. "बोटीवरचा माल समोर समुद्रात दिसायचा, हातात यायचा नाही," असं ते नेहमी म्हणतात.

काकांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा आली. माल उतरवून घेणारे स्टोअरकीपर बहुतेक भारतातले असत. सही करायची आणि चहा द्यायचा. ड्रायव्हरला त्यांची नावं कळायची नाहीत. मला वाटतं या लॉरींचा अर्धा इतिहास इथेच अडकून पडलाय. निघाली कधी, कोणाची होती, हे इंग्लंडला ठाऊक. पोचली कधी आणि काय घेऊन, हे रत्नागिरी-रायगडातल्या आणि केरळातल्या घरांतल्या ट्रंकांत आहे. तिकडे अजून कुणी विचारायला गेलेलं नाही आणि ती माणसं पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

२७ एप्रिल

'…स्टोन'. केंटमध्ये मेडस्टोन मोठं गाव, मी डोळे मिटून तेच धरलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या संगणकीय संग्रहाची वर्गणी भरली (सहा महिन्यांचे ८० पौंड) आणि पंधरा दिवस मेडस्टोनचे वाहतूकदार शोधले. काही नाही. मग नकाशावर नजर फिरवताना डोव्हरशेजारीच फोकस्टोन दिसलं. तेही 'स्टोन'च.

शोधायच्या शब्दातही फसलो. 'दोहा' टाकलं की शून्य निकाल. जुनी छपाई पुसट, संगणक चार अक्षरांचा छोटा इंग्रजी शब्द हमखास चुकीचा वाचतो. 'कतार' टाकलं आणि तिसऱ्याच निकालाला १९७७ ची एक बातमी लागली. फोकस्टोनच्या बाजूचे बापलेक, स्वतःची लॉरी, कतारच्या फेऱ्या. बातमीसोबत फोटो नव्हता. आडनावाची शेवटची तीन अक्षरं आमच्या कपाळपाटीवरच्या पुसट अक्षरांशी जुळतात.

५ मे

त्या आडनावाचं एक घर अजून त्याच भागात आहे. हाताने पत्र लिहिलं. सोबत फोटोची चांगली प्रत. पत्रात आधी बाबांची ओळख करून दिली, मग लॉरीची. पहिल्या मसुद्यात नुसते इंजिन, चेसिस असले प्रश्नच होते, तो काकांनी फाडायला लावला. "माणसाच्या वडिलांबद्दल विचारतो आहेस," म्हणाले.

२८ मे

तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. बातमीतल्या मुलाच्या बहिणीचं. वडील आणि भाऊ दोघेही आता नाहीत. गाडी त्यांचीच. गॅरेजमध्ये एक खोका आहे, बघायला या, असं लिहिलंय.

८ जून, फोकस्टोनजवळ

रेल्वे आणि एक रात्र मुक्काम, १९० पौंड.

बाईंनी आधी चहा दिला, मग गॅरेज उघडलं. खोक्यात दोन पासपोर्ट, चार वह्या, डिझेलच्या पावत्यांची चळत. टीआयआरची पुस्तकं, म्हणजे फेरीचे कस्टमचे कागद, नाहीत. ती फेरी संपल्यावर देणाऱ्या संस्थेकडे परत करावी लागत.

आणि भिंतीवर खिळ्याला लटकवलेली निळी पाटी. बाईंना ती कुठल्या गाडीची हे माहीत नव्हतं, भावाने टांगली म्हणून राहिली. मी खाली उतरवून उजेडात नेली. डावा वरचा कोपरा पुढे मुरडलेला. उजव्या खालच्या भोकाची कड तारेने घासून लांबट झालेली, खोबणीत गंज. लॅपटॉपवर स्कॅन उघडून शेजारी धरली. मुरड तीच, तोच कोन. पाटी बाईंच्या हातात देऊन मी फोटोत बोट ठेवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बाबांकडे बोट दाखवून विचारलं, "हे अजून आहेत?"

तिथूनच चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते तिकडे. बाबा शर्ट घालून येतो म्हणाले आणि आम्हाला पाच मिनिटं थांबवलं.

९ जून

पासपोर्टची पानं परवानगीने फोटो काढून आणली. कापिकुलेचा शिक्का साधा वाचता येतो. सौदीचा शिक्का अरबी आकड्यांत, हिजरी सनाचा. मी तारीख वाचली १० रबी अल-अव्वल १३९६ आणि त्यावरून वहीतल्या तारखा लावायला बसलो. पाच दिवस कुठेतरी गळत होते. वाळवंटात गाडी बिघडून पडली असेल असं ठरवून वहीत बिघाड शोधत बसलो. नव्हताच.

बाबांना पानाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन. "अरे, ते शून्य नव्हे, पाच आहे. अरबीत पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं गोल काढतात. शून्य म्हणजे नुसता टिंब." सात वर्षं डिलिव्हरीच्या चलनांवर तेच आकडे वाचले आहेत त्यांनी. तारीख १५ रबी अल-अव्वल १३९६, म्हणजे १६ मार्च १९७६, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. पाच दिवस जागेवर आले. वहीत दोह्याची नोंद २० मार्चची. मामाच्या लग्नाआधी दोन महिने.

३० जून

वह्यांचं वाचन चालू आहे. मुलाचं अक्षर बारीक, पेन्सिलचं. दोह्याच्या त्या नोंदीत माल '१४ पेट्या' लिहिलाय. बाबांना ११ आठवतात आणि ते ठाम आहेत. तीन पेट्या दुसऱ्या गोदामाच्या असतील, असं ते म्हणतात. दोन्ही आकडे मी लिहून ठेवले.

गाडी १९८० च्या हिवाळ्यात विकल्याचं शेवटच्या वहीत आहे. सप्टेंबरात इराण-इराक युद्ध पेटलं होतं, बंदरंही तोवर मोकळी झाली होती, भाडं पडलं. घेणाऱ्याचं नाव नाही. चेसिस क्रमांक मात्र एका पावतीमागे सापडला, दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी टिपून ठेवलेला. जोडणारा कागद म्हणत होतो तो हाच.

आत्तापर्यंतचा खर्च: स्कॅनर ८५, दफ्तरखाना ४० (वाया), वर्तमानपत्रं ८०, प्रवास १९०, छपाई २२. एकूण ४१७ पौंड, म्हणजे ४४ हजार रुपयांच्या घरात. वाया गेलेला वेळ: मँडेटरचे दोन आठवडे, 'आर'चे तीन, मेडस्टोनचे दोन. बाबांचं आणि आईचं आधी ऐकलं असतं तर यातले पाच आठवडे वाचले असते.

१४ सप्टेंबर

गणपती झाल्यावर चिपळूणहून पार्सल आलं. बाबांनी त्यांच्या तीन जुन्या सोबत्यांना फोन केले, एक गुहागरचे, एक दापोलीचे, एक आता पुण्यात. दोघांच्या घरी निगेटिव्ह निघाल्या. एकूण नऊ पट्ट्या, त्यांतल्या चारांवर लॉरी आहेत. एका चौकटीत टीआयआर पाटी स्पष्ट दिसते आणि नंबर पूर्ण वाचता येतो. शेवटचं अक्षर 'एन' आहे, म्हणून पहिली तारीख बघायची ती नोंदणीची: १ ऑक्टोबर १९७४ च्या आधीची की नंतरची.

पट्ट्या आज धुतल्या. रात्रभर सुकतील, उद्या स्कॅनला लावतो.